पहिल्याच ओळीत ‘स्टॅटिक’

सोलापुरात जावाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला विषय ऑब्जेक्टचा असतो आणि फळ्यावर ओळ येते ती ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’. स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्टवाचून चालणारं! ‘आत्ता असंच लिहा, पुढे कळेल,’ असं सांगण्यावाचून शिक्षकांना गत्यंतर नसतं, आणि मुलांना घोकंपट्टीची सवय तिथेच जडते. हा दोष शिकवण्याचा नाही, भाषेच्या रचनेचा आहे.

कमी ओळींत काम उरकणारी भाषा साधी, असं सर्रास मानलं जातं. आम्हाला ते पटत नाही. किती अपवाद लक्षात ठेवावे लागतात, यावर भाषेचा साधेपणा ठरतो. आपल्या चादरीवरचा मोर जकार्डच्या पुठ्ठ्यात भोक आहे की नाही, एवढ्याच नियमावर उतरतो. काठासाठी वेगळा नियम लागत नाही.

ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक अशीच घडवली. तिथे 3 अधिक 4 म्हणजे 3 या ऑब्जेक्टला पाठवलेला निरोप. जर-तरसुद्धा खऱ्या-खोट्याच्या ऑब्जेक्टला दिलेला निरोपच. तिच्याच वंशातल्या फारोमध्ये राखीव नावं अगदी मोजकी.

1995 मध्ये आलेल्या जावाने वेगासाठी साधे आकडे ऑब्जेक्टबाहेर ठेवले. त्या काळच्या यंत्रांवर ते रास्तच होतं, पण त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. ‘इंटिजर’ प्रकारच्या दोन चलांत थेट 127 भरा आणि दुहेरी बरोबर चिन्हाने ताडून पाहा: उत्तर खरं. 128 भरा: उत्तर सहसा खोटं. कारण उणे 128 ते 127 पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवते आणि तेच पुन्हा देते. त्यापुढे सहसा नवा ऑब्जेक्ट, आणि हे चिन्ह किंमत नव्हे, ऑब्जेक्ट एकच आहे का ते पाहतं. टेस्टिंगला लहान आकडे घेतले तर सगळं सुरळीत. बग निघतो तो थेट ग्राहकाकडे.

सप्टेंबर 2025 च्या जावा 25 मध्ये क्लास आणि स्टॅटिक न लिहिता मेन चालतं. पहिला तास त्याने नक्कीच सुसह्य होईल. मात्र 128 चा घोळ तसाच आहे. आकडे आणि ऑब्जेक्ट यांतली दरी बुजवण्यासाठी 2014 पासून ‘व्हॅलहॅला’ प्रकल्प झटतो आहे. एकदा शिरलेला अपवाद काढणं इतकं जड जातं.

म्हणून शिक्षकांना आग्रहाची विनंती: पहिली दोन प्रॅक्टिकल फारोवर घ्या. ते मोफत आहे, जुन्या संगणकांवरही चालतं. मग जावाकडे वळा, आणि 127-128 चा प्रयोग मुलांकडूनच करवून घ्या.