सहा रात्री, दोन मुक्काम

तुळशीचं लग्न लागलं की भोपाळच्या अवधपुरीतल्या मराठी घरांत मुहूर्तांची गडबड सुरू होते. हॉल, केटरर, आहेर यांच्या याद्या मोठी माणसं करतात. मधुचंद्राची यादी मात्र नवरा-नवरी दोघंच करतात, बहुधा रात्री उशिरा फोनवर. त्या यादीत अंदमान हमखास असतं. पासपोर्ट लागत नाही, हिंदीत सगळं निभावतं, आणि भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी वाढलेल्या मुलामुलींना समुद्राची ओढ असतेच.

आधी रजेचा हिशेब. नोकरीतून मिळतात फार तर पंधरा दिवस. त्यात लग्न, सत्यनारायण, पाहुण्यांची पाठवणी. शिवाय भोपाळच्या मराठी घराचं कुलदैवत बहुधा तुळजापूर, कोल्हापूर किंवा जेजुरीला. म्हणजे जोडीने दर्शनाला जाऊन यायचे आणखी तीन-चार दिवस. उरतो जेमतेम आठवडा. भोपाळहून अंदमानला थेट विमान नाही, मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं. अवधपुरी शहराच्या एका टोकाला आणि राजाभोज विमानतळ दुसऱ्या. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले की हातात साधारण सहा रात्री राहतात.

या सहा रात्रींत टूर पॅकेजवाले पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि बाराटांग असं सगळं बसवून देतात. बाराटांगसाठी तर पहाटेच्या अंधारात उठून जारवांच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्याबरोबर जावं लागतं. दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या, जेट्टीवर रांग लावायची, नवी खोली मिळेपर्यंत लॉबीत बसायचं. लग्नाच्या धावपळीतून नुकत्याच सुटलेल्या दोघांना याची काहीच गरज नाही. त्यांना एकमेकांशी बोलायला मोकळा वेळ हवा असतो, आणि तो दोन मुक्कामांतच मिळतो: चार रात्री स्वराज द्वीपावर, दोन श्रीविजयपुरममध्ये.

नावं आधी नीट समजून घ्यावीत, कारण तिकिटांवर आणि पाट्यांवर जुनी-नवी दोन्ही दिसतात. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं 30 डिसेंबर 2018 रोजी. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला त्या दिवशी 75 वर्षं झाली होती. पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम झालं सप्टेंबर 2024 मध्ये.

क्रम मात्र एकच बरोबर आहे: बेट आधी, शहर शेवटी. सकाळी विमान उतरलं तर दुपारची बोट पकडता येते. खासगी बोटीला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोटीत चढण्याआधी घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

स्वराज द्वीपाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. पूर्वेकडे गोविंदनगर, विजयनगर आणि काळापत्थर. जेट्टी जवळ, खाणावळी आणि डायव्हिंगची दुकानं हाताशी, सूर्योदय समोर. ओहोटीला मात्र इथलं पाणी दूरवर मागे सरतं, पोहायला उरत नाही. पश्चिमेला राधानगर. 2004 मध्ये ‘टाइम’ने आशियातला सर्वोत्तम ठरवलेला किनारा तो हाच. रुंद पांढरी वाळू, मागे उंच झाडांचं जंगल, समोर सूर्यास्त. दोन रात्री पूर्वेला आणि दोन पश्चिमेला काढायचा मोह होतो. पण जेट्टीपासून राधानगर अवघं 12 किलोमीटर आहे आणि स्कूटर भाड्याने मिळते. खोली बदलण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा पूर्वेला राहावं आणि रोज संध्याकाळी राधानगरला जावं.

फक्त निघायचं लवकर. घड्याळ भोपाळचंच असलं तरी अंदमान 15 रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तासभर पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. पोहायचं तर लाइफगार्ड दाखवतील तेवढ्याच पट्ट्यात, कारण या बेटांच्या पाण्यात मगरी आहेत.

स्कूबा करायची असेल तर ती पहिल्या एक-दोन दिवसांत उरकावी. पाण्याखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलं तर ते जिवावर बेतू शकतं. एका साध्या डुबकीनंतर निदान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर 18 तास उड्डाण टाळावं, असं डायव्हिंगचं वैद्यकशास्त्र सांगतं.

शहर शेवटी ठेवण्याचं मोठं कारण हवामान. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ, आणि आपला लग्नांचा हंगाम त्यातच सुरू होतो. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवेने बोटी बंद पडल्या आणि शेकडो पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले. नौदल आणि तटरक्षक दलाने त्यांना बाहेर काढलं. बेटावरून सकाळी निघून त्याच दिवशी विमान गाठायचा बेत म्हणूनच धोक्याचा.

शिवाय शहरातल्या त्या दोन रात्री वाया जात नाहीत. सेल्युलर जेल 1896 ते 1906 या काळात बांधलं गेलं. कोठड्या जवळपास सातशे, हातांसारख्या पसरलेल्या सात इमारतींपैकी आज उभ्या तीन. 4 जुलै 1911 रोजी सावरकरांना इथे आणलं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच इथे होते. संसाराच्या पहिल्याच आठवड्यात तुरुंग कशाला, असं घरात कुणी म्हणेलही. तरी मराठी जोडप्याने तिथे जावंच. उरलेल्या वेळात रॉस बेट किंवा चिडिया टापूचा सूर्यास्त होतो.

मुहूर्त मेचा असेल तर अंदमानचा हट्ट सोडावा, कारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोसमी पाऊस तिथे पोचतो. त्याऐवजी बाली बघावं; तिथे तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबरचा कोरडा ऋतू असतो. तिथेही दोनच मुक्काम करावेत: भातखाचरांतलं उबुड आणि दक्षिणेचा किनारा. भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळतो, आणि फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख इंडोनेशियन रुपियाचा पर्यटक करही भरावा लागतो.

अंदमानला जाणाऱ्यांनी आधी विमान, मग बोट आणि शेवटी खोल्या अशा क्रमाने आरक्षण करावं. परतीच्या आदल्या रात्रीची श्रीविजयपुरममधली खोली मात्र विमानाच्या तिकिटाबरोबरच पक्की करा.