बोल्टची कुरकुर

गेल्या रविवारी बाबा पुन्हा रेंजवर गेले. तब्बल आठ महिन्यांनी! ‘आता मन लागत नाही गं,’ एवढंच सांगून त्यांनी रायफल कपाटात ठेवली होती. आम्हीही मान्य करून टाकलं. सत्तरी उलटली की माणसं एकेक छंद सोडतातच, असं आपण किती सहज धरून चालतो ना?

खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, तेव्हा हाच माणूस टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवत होता. त्याचं मन लागत नाही?

कारण कळलं ते अचानक. रायफल पुसताना बोल्टचं हँडल उचललं आणि बाबांचा चेहरा कसनुसा झाला. स्वस्तातली पॉइंट टू टू, बोल्ट अ‍ॅक्शन. प्रत्येक गोळीनंतर हँडल वर, मागे, पुढे, खाली. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना हा व्यायाम आठवत असेल. साठ गोळ्या म्हणजे साठ वेळा ती कुस्ती. संधिवाताच्या मनगटाला झेपेना, आणि ते कबूल करणं त्याहून जड.

माझं डोकं लगेच सुरू. पॉलिश पेपर आणते, संध्याकाळपर्यंत लोण्यासारखा बोल्ट! बाबांनी तिथेच थांबवलं. लायसन्स त्यांचं, हत्यार त्यांचं, आणि दुरुस्ती परवानाधारक आर्मररकडेच. मग काय, गेलो दोघं.

आर्मररकाकांनी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलं, मग बोल्ट बाहेर घेतला. ‘‘आधी आंघोळ, मग ऑपरेशन,’’ म्हणाले. पॉइंट टू टूच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो. तो आणि जळकी दारू मिळून चिकट राब तयार होते. सॉल्व्हंटने धुतल्यावर निम्मी कुरकुर तिथेच संपली.

मग त्यांनी बोल्टला चक्क काळं मार्कर फासलं. परत बसवून वीसेक वेळा चालवला. जिथली शाई खरवडली गेली, तिथे घासतंय! दोन जागा सापडल्या. एक कडेची बारीक धार. दुसरी कॉकिंग कॅम, म्हणजे हँडल उचलताना फायरिंग पिनला स्प्रिंगविरुद्ध मागे सारणारा तिरका उतार. त्यावर अगदी बारीक ऑइलस्टोन, तेल लावून, हलक्या हाताने. ‘‘खरखर काढायची, धातू नाही,’’ काका म्हणाले. वरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद झिजत जातं.

ट्रिगरचा सीअर, बोल्टचं तोंड आणि लॉकिंगची जागा यांना मात्र त्यांनी दगड लावलाच नाही. तिथे हात चुकला तर गोळी न दाबता सुटू शकते किंवा केस फुटू शकते. घरच्या घरी पॉलिश पेपर घेऊन बसणाऱ्या माझ्यासारखीने हे कानाला खडा लावून ऐकावं. शेवटी पुन्हा धुऊन कॅमवर मोलिब्डेनम ग्रीसचा ठिपका, बाकी ठिकाणी तेलाचा नुसता हात.

जादू वगैरे काही झाली नाही. स्प्रिंग तीच, जोर थोडा लागतोच. पण मधेच अडकणं, हिसका बसणं गेलं. रविवारी बाबांनी वीस गोळ्या मारल्या. स्कोअर विचारायचा नसतो. येताना गाडीत म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारी तीस.’’

तुमच्या घरी कुणी ‘आता मन लागत नाही’ म्हणत असेल, तर एकदा त्यांच्या हातांकडे बघा. मन बहुतेक जागेवरच असेल.