गाडी मेली नव्हती

मूल-चंद्रपूर रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं आणि माझी हायब्रिड गाडी सागावर आदळली. एअरबॅग फुटल्या, गाडी ठप्प. मूलच्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, नारिंगी केबल बघितली आणि मागे सरकला. "भाऊ, याले मी हात नाही लावत."

बरोबरच केलं त्याने. त्या केबलमध्ये जीव घेण्याइतकी वीज असते. पण म्हणून गाडी भंगार ठरत नाही. जोराची धडक बसली की कॉम्प्युटर मोठ्या बॅटरीची जोडणी स्वतःच तोडतो. ती सुरक्षा आहे, मृत्यू नव्हे. पुढचं काम ठरलेलं आहे: सर्व्हिस प्लग काढा, कपॅसिटर रिकामे व्हायला थांबा, इन्सुलेशन मोजा, फुटलेले भाग बदला, कोड पुसा.

मला मिळालेल्या इस्टिमेटमध्ये मात्र न मोजताच अख्खी बॅटरी लावली होती! खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की 'टोटल लॉस'. मी अडून बसलो. दीडशे किलोमीटरवर नागपुरात एकाने बॅटरी मोजली. शाबूत निघाली. गाडी आज चालते.

२०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. मॅन्युअल आणि स्कॅनर गावच्या गॅरेजला विकत मिळालेच पाहिजेत, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये हे काम रबरी हातमोजे घालून शिकवलं पाहिजे. आमच्या मिस्त्रीकडे अक्कल कमी नाही. वही त्याच्यापासून लपवलेली आहे. तुमच्या हातातल्या फोनचीही तीच गत आहे.