क्रमांकाच्या पलीकडची सुरक्षितता

जगातील स्त्रियांच्या स्थितीविषयी एखादा आंतरराष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला, की आपल्याकडे दोन दिवस एक ठरावीक प्रयोग होतो. विरोधी पक्ष भारताचा क्रमांक वाचून दाखवितो, सरकारी प्रवक्ता तो क्रमांक काढणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेतो आणि तिसऱ्या दिवशी दोघेही अन्य विषयाकडे वळतात. ज्या स्त्रीविषयी हा सारा वाद झाला ती मात्र नेहमीप्रमाणे पनवेलच्या स्थानकावर लोकलची वाट पाहत उभी असते. आपला देश १२८ वा आहे की १३१ वा, या माहितीचा तिला काय उपयोग, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारला पाहिजे. मोजमाप निरर्थक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मोजमापाइतकी गंभीर गोष्ट आपण फार हलक्या हाताने वापरतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या स्त्री-पुरुष विषमतेच्या अहवालात १४८ देशांत भारताचा क्रमांक १३१ वा होता. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०२३ च्या निर्देशांकात १७७ देशांत तो १२८ वा होता. आणि २०१८ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने तर स्त्रियांसाठी जगातील सर्वांत धोकादायक देश म्हणून भारताचेच नाव जाहीर केले होते. अफगाणिस्तान आणि सीरियाही भारताच्या मागे! राष्ट्रीय महिला आयोगाने तो निष्कर्ष तेव्हाच फेटाळला. तो काढला होता ५४८ तज्ज्ञांच्या मतांवरून. कोणत्याही स्त्रीला तिच्यावर काय बेतले हे त्यात विचारलेले नव्हते. तज्ज्ञांचे मत हीही एक माहिती असते. परंतु ती स्त्रियांच्या अनुभवाची नव्हे, देशाविषयीच्या प्रतिमेची माहिती होय.

कोण काय मोजतो?

अहवाल हाती आला की प्रथम पाहावयाचे ते हे, की त्यात मोजले काय आहे. आर्थिक मंचाचा निर्देशांक चार क्षेत्रे पाहतो : अर्थकारण, शिक्षण, आरोग्य आणि राजकीय सत्ता. आरोग्याखाली जन्मवेळचे लिंगगुणोत्तर आणि निरोगी आयुर्मान या दोन गोष्टी येतात. स्त्रीवरील हिंसाचाराला त्यात स्थान नाही. शिवाय हा निर्देशांक स्त्री आणि पुरुष यांच्यातील अंतर मोजतो. दोघांची पातळी मोजीत नाही. दोघांच्याही पदरी थोडेच पडत असेल तर अंतर लहान दिसते आणि देश वर चढतो. म्हणूनच २०२२ मध्ये रवांडा सहाव्या आणि अमेरिका सत्ताविसाव्या स्थानी होती. आपला शेजारी बांगलादेश २०२४ मध्ये ९९ वा होता, तो २०२५ मध्ये एकदम २४ वा झाला. बारा महिन्यांत तेथील बाईच्या आयुष्यात एवढी क्रांती झाली, असे कोणी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१० मध्ये सुरू केलेला विषमता निर्देशांकही मातामृत्यू, अल्पवयीन मातृत्व, संसदेतील जागा, माध्यमिक शिक्षण आणि रोजगारातील सहभाग एवढेच पाहतो. हे सर्व महत्त्वाचे आहे, यात संशय नाही. परंतु सुरक्षिततेच्या चर्चेत हे आकडे पुढे करणे म्हणजे ताप किती आहे असे विचारल्यावर रोग्याचे वजन सांगण्यासारखे आहे.

जॉर्जटाउनचा निर्देशांक या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. गेल्या वर्षभरात जोडीदाराकडून झालेली हिंसा तो पाहतो, आणि आपल्या वस्तीत रात्री एकटीने चालताना सुरक्षित वाटते काय, या प्रश्नाचे उत्तरही हिशेबात धरतो. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. जी रात्री एकटी कधी बाहेर पडतच नाही, तिने या प्रश्नाचे उत्तर कशाच्या आधारे द्यावे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले, की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचे ठिकाण या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा देशातील केवळ ४२ टक्के स्त्रियांना आहे. उरलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रस्त्यावरील धोक्यापासून पुष्कळशा सुरक्षित असतील. परंतु ती सुरक्षितता कुलुपाने मिळालेली आहे. कुलूपबंद स्त्री आकडेवारीत सुरक्षित ठरते आणि कामासाठी बाहेर पडणारी धोक्यात दिसते, ही या मोजमापातील सर्वांत मोठी फसगत होय.

नोंद म्हणजे गुन्हा नव्हे

दुसरी फसगत पोलिसांच्या आकड्यांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले आणि २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात ही संख्या सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. भारतीय पुरुष एका वर्षात एक तृतीयांशाने अधिक क्रूर झाला काय? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर देश हादरला, २०१३ मध्ये कायद्याची व्याख्या विस्तारली, तक्रार नोंदविण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी शिक्षेस पात्र ठरला आणि तोवर गप्प राहिलेल्या अनेकींना चौकीची पायरी चढण्याचे बळ आले. वाढलेला आकडा हा मोठ्या अंशी वाढलेल्या विश्वासाचा आकडा होता.

देशादेशांची तुलना करताना हे विशेष ध्यानी ठेवावयास हवे. स्वीडनमध्ये पतीने केलेला बलात्कार १९६५ पासून गुन्हा आहे, इंग्लंडमध्ये तो १९९१ मध्ये न्यायालयाने गुन्हा ठरविला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही सज्ञान पत्नीच्या बाबतीतील जुना अपवाद कायम ठेवला. स्वीडनमध्ये एकाच आरोपीने अनेकदा केलेले कृत्य स्वतंत्र गुन्हे म्हणून मोजले जाते. आपल्याकडे एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्ह्याखालीच ते मोजले जाते, त्यामुळे बलात्कार करून खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात जातो. मोजपट्ट्याच अशा निरनिराळ्या असताना स्वीडनपेक्षा आपल्याकडे बलात्कार कमी होतात, असे म्हणून पाठ थोपटून घेणे हे अज्ञान तरी असते किंवा अप्रामाणिकपणा तरी.

मग पोलिसांची नोंद बाजूला ठेवून स्त्रियांनाच विचारले तर? युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २८ देशांतील ४२,००० स्त्रियांना विचारून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या पंधराव्या वर्षानंतर शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे डेन्मार्कमध्ये ५२ टक्के स्त्रियांनी सांगितले, फिनलंडमध्ये ४७ टक्के, स्वीडनमध्ये ४६ टक्के. पोलंडमध्ये मात्र १९ टक्के. जॉर्जटाउनच्या यादीत २०२३ मध्ये पहिला आलेला डेन्मार्क तो हाच. याचा उलगडा अभ्यासकांना अद्याप पूर्णपणे झालेला नाही. परंतु हिंसेला हिंसा म्हणण्याची आणि ती परक्या माणसास सांगण्याची सवय सर्वत्र सारखी नसते, हे त्यातील एक कारण असावे, असे मानण्यास जागा आहे.

घराच्या आत

आपल्याकडे ही सवय किती आहे? वर उल्लेखिलेल्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चार घरांमागे एक. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रिया कोणापाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. याउलट २०२२ मध्ये देशभर पती वा नातेवाईक यांच्या क्रूरतेचे गुन्हे नोंदले गेले ते सुमारे १ लाख ४० हजार. कोट्यवधी विवाहित स्त्रियांच्या देशातील या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे, तिच्यात आपली सारी कौटुंबिक प्रतिष्ठा सामावलेली आहे.

ही पाहणीही निर्दोष नाही. शेजारच्या कर्नाटकात हेच प्रमाण चौथ्या फेरीत २०.६ टक्के होते, पाचव्या फेरीत ४४.४ टक्के झाले. चार-पाच वर्षांत तेथील नवरे दुपटीने मारकुटे झाले, असे मानण्यापेक्षा प्रश्न कोणी, कोठे आणि कोणाच्या समोर विचारला याचा शोध घेणे अधिक शहाणपणाचे. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांतील सुमारे २४,००० स्त्रियांची पाहणी करून २००५ मध्ये जो अहवाल दिला, त्यात याची काळजी घेतलेली होती. एका घरातील एकाच स्त्रीस एकांतात विचारावयाचे आणि विचारणारी प्रशिक्षित स्त्री असावयाची. जोडीदाराकडून हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण जपानमधील शहरात १५ टक्के, तर इथिओपियाच्या एका ग्रामीण प्रांतात ७१ टक्के आढळले. तुलना करावयाची तर ती अशी, एकाच मोजपट्टीने.

लपविण्यास सर्वांत कठीण असा आकडा मृत्यूचा. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुलींची हत्या झाली, आणि त्यांतील ५१,१०० जणींचा जीव जोडीदाराने किंवा घरातीलच कोणी घेतला. आपल्याकडे २०२२ मध्ये हुंडाबळीच सहा हजारांवर नोंदले गेले. रात्रीचा रस्ता भयावह, आणि म्हणून मुलीने घरी लवकर यावे, हे आपले नित्याचे शहाणपण या आकड्यांपुढे टिकत नाही.

पनवेलचा आकडा कोठे आहे?

आता जगाच्या नकाशावरून आपल्या गावी येऊ. पनवेल तालुका महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात आहे. पोलीस व्यवस्था मात्र नवी मुंबई आयुक्तालयाकडे आहे. पनवेल, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर येथील गुन्हे नवी मुंबईच्या खात्यात पडतात आणि ठाणे जिल्ह्यातील वाशी-नेरुळच्या आकड्यांत मिसळतात. आरोग्य पाहणी मात्र रायगड जिल्ह्याची होते. तिच्या जिल्हा पत्रकात लसीकरणापासून रक्तक्षयापर्यंत शंभरावर बाबी आहेत, पण पतीकडून होणाऱ्या हिंसेचा आकडाच नाही. कारण ते प्रश्न थोड्या घरांतच विचारले जातात आणि त्यांची उत्तरे राज्यापुरतीच काढली जातात. गुन्ह्यांचे प्रमाण लोकसंख्येशी ताडून पाहावे, तर हिशेब २०११ च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजांचा. दरम्यान येथे महानगरपालिका आली (२०१६), नवी उपनगरे उभी राहिली आणि बाहेरून हजारो कुटुंबे आली. डेन्मार्कशी भारताची तुलना करणाऱ्या जगात, पनवेलमधील स्त्री पाच वर्षांपूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित आहे काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर या सरकारी आकड्यांतून मिळत नाही.

ते मिळावे यासाठी तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, ठाणेवार आकडे प्रसिद्ध व्हावेत. नुसत्या नोंदीचे नव्हेत, तर तक्रारीपासून निकालापर्यंत किती काळ लागला आणि किती खटल्यांत शिक्षा झाली, याचे. दुसरी, गुन्ह्यांची संख्या घटली म्हणून अधिकाऱ्याला शाबासकी देण्याची रीत बंद व्हावी. कारण संख्या घटविण्याचा सर्वांत सोपा उपाय तक्रारदार बाईला समजावून परत पाठविणे हा असतो. तिसरी, महानगरपालिकेने ठरावीक वर्षांनी, त्याच प्रश्नांसह, एकांताचे नियम पाळून स्त्रियांची पाहणी करावी आणि तीत हिंसेबरोबर मोकळिकीचेही प्रश्न असावेत : रात्री नऊनंतर बाहेर पडता काय, भीतीपायी नोकरी वा शिक्षण सोडले काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षक आणि कारकून यांच्या हाती आजही आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. तेथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे दोन शब्द लिहून आपण मोकळे होतो. त्या दोन शब्दांमागे कितीदा रस्त्यावरची छेड, कितीदा घाईने ठरविलेले लग्न आणि कितीदा घरच्यांची भीती असते, हे दाखला लिहिणाऱ्यास ठाऊक असते. तेथे खरे कारण लिहिले जाऊ लागले, तर देशाच्या कोणत्याही निर्देशांकात नसलेली माहिती गोळा होईल.

तुलना कशासाठी?

तुलनेची ही परंपरा आपल्याला परकी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘स्त्री-पुरुष तुलना’ आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचा प्रवास करून १८८९ मध्ये तेथील लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला आणि त्यात स्त्रियांच्या स्थितीला स्वतंत्र प्रकरण दिले. ज्या अमेरिकेत स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळावयास १९२० साल उजाडले, त्या अमेरिकेकडे त्या शिकण्यासाठी पाहत होत्या, क्रमांक लावण्यासाठी नव्हे. त्याच वर्षी, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे १९७४ मध्ये देशातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ असलेल्या स्त्रिया १९७१ मध्ये ९३० वर आल्याचे दाखविले, आणि त्या एका आकड्याने प्रगतीच्या गोड समजुतीला तडा दिला.

आकडा असा असावा. तो वाचून कोणाला तरी काही करावेसे वाटावे, कोणाला तरी जाब द्यावा लागावा. पुढल्या वर्षी नवा अहवाल येईल आणि भारत दोन पायऱ्या वर किंवा खाली सरकलेला असेल. त्या दिवशी त्या पायऱ्यांवर वाद घालण्याऐवजी आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईची तक्रार नोंदली गेली काय, आणि गतवर्षी वर्गात असलेली मुलगी यंदा का दिसत नाही, हे दोन प्रश्न विचारले, तरी मोजमापाचे काम योग्य ठिकाणी सुरू झाले असे म्हणता येईल.