दूरदेशीचं अंगण : पन्नासाऐवजी पाचशे

मैत्रिणींनो,

सांगलीच्या एका भगिनींचं पत्र आलंय. लेक लग्न होऊन अमेरिकेत डेलावेअरला गेली, जावई तिथं बँकेत आहेत. “राज्य नकाशात भिंग लावून शोधावं लागलं हो! तिथं आहे तरी काय? आणि बँकेतली ही नोकरी टिकेल ना?” असं त्या विचारतात. आईचा जीव, दुसरं काय! नोकरीचं भविष्य मी कशी सांगणार? पण त्या राज्याची कुंडली मात्र मांडून दाखवते.

राज्य खरंच चिमुकलं. जिल्हे इनमिन तीन, वस्ती दहा लाखांच्या आसपास. पण उद्योग ऐकलेत तर तोंडात बोट घालाल.

पहिला मोठा उद्योग दारूचा! घाबरू नका, बंदुकीच्या दारूचा. फ्रान्सहून आलेल्या द्यु पाँ घराण्यानं १८०२ साली ब्रँडीवाइन नदीकाठी कारखाना मांडला. गिरण्यांच्या तीन भिंती जाडजूड दगडी आणि नदीकडची बाजू मुद्दाम कमकुवत. का, तर स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे जावा. १८१८ सालच्या स्फोटात तिसाहून जास्त माणसं गेली. त्या घरांतल्या बायकांनी रोज नवऱ्याचा डबा कसा भरला असेल, याचा विचार मनात येतोच. त्या गिरण्या १९२१ साली बंद झाल्या.

याच कंपनीच्या विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत १९३५ साली वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केलं. आईची नायलॉनची साडी आठवते ना? दोरीवर टाकली की वाळली, इस्त्रीची कटकट नाही! तो धागा मूळचा इथला. १९३९ साली विल्मिंग्टनच्या दुकानांत नायलॉनचे पायमोजे पहिल्यांदा विक्रीला आले, तेव्हा बायकांनी चार हजार जोड हां हां म्हणता संपवले. त्याच वर्षी सीफर्ड गावी जगातला पहिला नायलॉनचा कारखाना सुरू झाला.

आता माझी आवडती गोष्ट. १९२३ साली ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या गृहिणीनं अंड्यांसाठी पन्नास पिलं मागवली. चुकून आली पाचशे! आपण काय केलं असतं? कपाळाला हात लावून परत पाठवली असती. त्या बाईंनी ती ठेवून घेतली, वाढवली आणि मांसासाठी विकली. चांगला नफा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी हजार मागवली आणि १९२६ पर्यंत दहा हजार कोंबड्यांचं खुराडं बांधलं. ते पाहून शेजारपाजारचेही त्या धंद्यात उतरले. आज त्या राज्यात माणसांपेक्षा कोंबड्या कितीतरी पटींनी जास्त आहेत.

बाकीच्यांचं काय झालं? सीफर्डचे कामगार घटत गेले आणि २००४ साली मूळ कंपनीनं तो धंदाच विकून टाकला. मोटारींचे दोन मोठे कारखाने होते, त्यांतला एक २००८ साली बंद पडला, दुसरा २००९ साली.

मग बँका कुठून आल्या? १९८१ साली राज्यानं कायदा करून व्याजावरची मर्यादा उठवली. त्याबरोबर क्रेडिट कार्डवाल्या बँका तिथं धावल्या. शिवाय अमेरिकेतल्या बड्या पाचशे कंपन्यांपैकी निम्म्याहून जास्त कंपन्यांची नोंदणी याच राज्यात आहे. त्या फीचा राज्याच्या तिजोरीला मोठा आधार आहे. आणि गंमत म्हणजे तिथं विक्रीकर नाही. लेकीला सांगा, दुकानात पाटीवर लिहिलेली किंमत तेवढीच द्यायची!

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. दारू गेली, नायलॉन गेलं, मोटारी गेल्या, तरी राज्य उभं आहे. कारण एक चूल विझायच्या आत कुणीतरी दुसरी पेटवत होतं. लेकीला तीन गोष्टी लिहा. कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं, कारण तिथल्या बँका शिलकी व्याजावरच गब्बर होतात. पगारातून चार-सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला पडेपर्यंत मोठी खरेदी नको. आणि तिनं स्वतः काहीतरी शिकत राहावं. नियमांत बसेल तेव्हा हाती काम असू दे.

जावयांची नोकरी टिको, हीच इच्छा. पण पन्नासाऐवजी पाचशे पिलं दारात आली, तर ती सांभाळण्याची तयारी लेकीची असावी. एवढं असलं की आईनं निर्धास्त झोपावं.

तुमची,
ताई