वृक्क, कंबर आणि उसाचा फड

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर परिसरातील आपल्या दवाखान्यांत कंबर धरून येणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यांत बीडकडून आलेले तोडणी कामगार बरेच. 'किडनी दुखतेय' असे सांगत रुग्ण हात ठेवतो तो माकडहाडाच्या थोडा वर. वृक्क तेथे नसतात. कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या फासळ्यांच्या आश्रयाने ते उदराच्या मागील भिंतीस टेकलेले असतात. यकृतामुळे उजवा किंचित खाली. आणि क्षीण होत चाललेला वृक्क बहुधा दुखतच नाही.

आपल्या संहितांनी वृक्कांस मेदोवह स्रोतसाचे मूळ म्हटले. मूत्रवह स्रोतसाचे मूळ सांगताना चरकांनी बस्ती व वंक्षण, तर सुश्रुतांनी बस्ती व मेढ्र सांगितले. पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेला नवा घडा बाजूंनी पाझरून भरतो, तसा बस्ती भरतो, हा सुश्रुतांचा दृष्टान्त. पाझरण्याची कल्पना अचूक, स्थान मात्र निराळे. प्रत्येक वृक्कात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात व दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जाऊन त्यातील दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडतो. शव कुजवून थरथराने पाहण्याचा आग्रह धरणाऱ्या सुश्रुतांना ही दुरुस्ती रुचली असती, असे आम्हांस वाटते. काही मित्र अजूनही दोन्ही मतांची ओढूनताणून सांगड घालतात. तो खटाटोप अनाठायी आहे.

खरी चिंता औषधांची. उन्हात घाम गाळून शरीर कोरडे पडले असता वृक्काकडे जाणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लॅन्डिनच्या आधारे रुंद राहते. डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेनची गोळी नेमका तोच आधार काढून घेते. एल साल्वाडोरमध्ये २००२ साली मधुमेह वा उच्च रक्तदाब नसलेल्या शेतमजुरांत वृक्कविकार आढळल्याची नोंद झाली. मध्य अमेरिकेतील उसाच्या मळ्यांत तो पुढे मोठ्या प्रमाणावर दिसला. उष्मा व निर्जलता ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. आपल्या फडावरचे ऊनही काही कमी नाही. औषधविक्रेत्या बंधूंनी चिठ्ठीवाचून या गोळ्यांची पाकिटे हाती देऊ नयेत.

आपलेही हात स्वच्छ आहेत असे नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकारंभी वजन घटविण्याच्या औषधांत चुकीची वनस्पती मिसळली गेली व अनेक स्त्रियांचे वृक्क कायमचे निकामी झाले. ती वनस्पती आपल्या ईश्वरी व कीटमारीच्याच कुळातील. ती विकणाऱ्या दुकानांनी हे ध्यानी घ्यावे.

पाषाणभेद, गोक्षुर, वरुण देण्यास आमचा विरोध नाही. परंतु त्याआधी रक्तदाब पाहावा, लघवीतील प्रथिने तपासावीत आणि क्रिएटिनीन करून घ्यावे. तेही निम्मे कार्य गेल्यावरच वाढू लागते. अहवाल बिघडलेला दिसला तर रुग्णास त्याच दिवशी वृक्कतज्ज्ञाकडे धाडावे, सोबत आपण दिलेल्या औषधांची यादी लिहून द्यावी.