आवड आधी की हुनर आधी?

चार वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्यात दहावी-बारावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं. बाहेरगावच्या वक्त्यांनी स्टीव्ह जॉब्सच्या २००५ सालच्या स्टॅनफर्डमधल्या भाषणाचा दाखला दिला आणि मुलांना सांगितलं, आधी आपली आवड शोधा, मग काम निवडा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या मुलांत माझा भाचा होता. तेव्हापासून त्याने आयटीआयचा फिटर ट्रेड सोडला, मग मोबाइल दुरुस्तीचं काम सोडलं, मग अकाउंट्सचा क्लास सोडला. दर वेळी कारण एकच: "मामू, मन नै लगता." पोरगा आळशी नाही. त्याला मनापासून वाटतं की तिसऱ्या महिन्यात कंटाळा आला, म्हणजे ही आपली वाट नव्हे. आता तर आपल्यातच काही खोट आहे असं त्याला वाटू लागलंय. हे त्याच्या डोक्यात घालणाऱ्यांत टाळ्या वाजवणारा मीही आहे. म्हणून स्पष्ट लिहितो: आवड आधी सापडते आणि काम मागून येतं, हे बहुतेकांच्या बाबतीत खोटं आहे. आधी हात बसतो, मग मन बसतं.

लांब अमेरिकेत कशाला जायचं? मिरजेला जाऊ. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले घडवणं आणि त्यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांच्यातले फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे वाद्यं बनवू लागले. संगीताची ओढ शोधत ते घराबाहेर पडले नव्हते. पोटाचा प्रश्न होता आणि हातात कानस चालवायची सवय होती. त्याच घराण्यांच्या हातच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता या कामातली एकच गोष्ट बघा, जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने घासून अगदी हलका उतार द्यायचा. तार त्या उतारावर नेमकी टेकली की स्वर भरून येतो, त्याला झंकार येतो. किंचित जास्त घासलं गेलं की आवाज फाटतो. नवशिक्याला यातला फरक कळतच नाही. तो घासतो, उस्ताद ऐकतात, मान हलवतात, तो पुन्हा घासतो. कान तयार व्हायला काही वर्षं जातात. मग मला सांगा, जो फरक अजून ऐकूच येत नाही, त्यावर तो पोरगा पहिल्या महिन्यात प्रेम कसं करणार? कामातली गोडी ज्याने कळते तो कान कामातूनच तयार होतो. आवड आधी मागणं म्हणजे पोहता येईस्तोवर पाण्यात न उतरण्यासारखं आहे.

माझं स्वतःचं सांगतो. अब्बा शिंपी होते. नववीत असताना त्यांनी मला दुकानात बसवलं आणि दोन वर्षं फक्त काज-बटण आणि तुरपाई दिली. मला त्या कामाचा तिटकारा होता. मग एकदा त्यांनी कोटाची बाही लावायला दिली. दोनदा उसवली. तिसऱ्यांदा ती खांद्यावर अशी बसली की एक चुणी पडली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे मी शिक्षक झालो, शिलाई सुटली. पण कोणाच्याही अंगावरच्या कोटाची बाही मी आजही आधी बघतो. हे प्रेम तिटकाऱ्याच्या दोन वर्षांनंतर आलं, त्याआधी नाही.

यावर कोणी म्हणेल, अब्दुल करीम खाँसारख्यांना ओढ नव्हती का? होती. पण किराना घराण्याचे हे गवई गाणाऱ्यांच्याच घरात जन्मले. तुला गाणं आवडतं का, असं विचारण्याच्या वयाआधीच अशा घरांत तालीम सुरू होते. एखाद्याला लहानपणापासून ओढ असते हे मी नाकारत नाही. ती दार उघडते. पण रोज तेच घासत बसायची वेळ आली की नुसती ओढ पुरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मग बापाचाच धंदा मुलाने करायचा का? मुळीच नाही. जात बघून काम ठरवणाऱ्या समाजात असं म्हणणं गुन्हा ठरेल. शिकलगारांनीही धंदा बदललाच ना? पण बदलताना हातातली कारागिरी सोबत नेली. आणि ज्या कामात पोट भरत नाही, मान मिळत नाही, ते एखाद्या पोराने सोडलं तर त्याला हुनराचं प्रवचन देणंही चूक आहे. तिथे सवाल मजुरीचा आहे. उलट 'पॅशन असेल तर पैसे बघू नका' असं सांगून कमी पगारात राबवून घेणारे मालक मी पाहिलेत. आवडीचा हा मंत्र त्यांच्याच कामाचा आहे.

ज्याच्या घरी दहा वर्षं बसून खायची सोय आहे, त्याने खुशाल आवड शोधावी. आमच्या मोहल्ल्यातल्या पोराकडे दोन-तीन वर्षं असतात. ती शोधण्यात गेली की हातात ना आवड उरते, ना हुनर.

परवा भाच्याने विचारलं, "मामू, आता काय करू?" मी म्हटलं, "सोडलेल्या तिन्हींतलं कोणतं काम तुला त्यातल्या त्यात कमी नकोसं वाटलं?" थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मोबाइलचं." "मग दोन वर्षं तेच कर. आवडतं का, हे मी दोन वर्षं विचारणार नाही. तूही स्वतःला विचारू नको. बिघाड सापडला का, एवढंच विचार."

सोमवारपासून तो पुन्हा दुकानावर जातोय.